रामहरींनी दिलेलं उत्तर

१९७४ सालची दुपार. सोलापूरच्या एका वाचनालयात रामहरी युद्धातल्या हेरांवरचं पुस्तक वाचत होते. वायरलेसवरून निरोप पाठवतानाच नाझींनी पकडलेल्या एका बाईची ती हकीकत होती.

तेवढ्यात मेजातून कडकट्ट, कडकट्ट ऐकू आलं. रामहरी पलटणीत सिग्नलर होते. ती कडकट्टची मोर्स भाषा ते विसरले नव्हते.

"कुणी ऐकतंय का?"

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

तीस वर्षं बिचारी विचारतेय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी नखानं वाजवलं, "ऐकतोय."

"उत्तर देऊ नका. तेही ऐकतात."

मग सगळं शांत झालं.

ग्रंथपाल वच्छलाबाईंनी मान वर केली. "काका, जिना चढल्यागत हे बूट कुणाचे वाजत्यात?"

"बाई, आपल्या हितं जिनाच न्हाय की."

बूट चढतच होते.