घोंगड्यांचा आडोसा

कवठे येमाईत ज्योतिबाआबांच्या घराचा स्लॅब दुपारी भरून झाला, तोच इंजिनिअरिंग शिकणाऱ्या सायलीनं वडिलांपुढे, हौसराव मिस्त्रींपुढे, कंप्युटरवर काढलेला नकाशा धरला. "आप्पा, उन्हावाऱ्याचं गणित मांडलंय. पश्चिमेचा वारा ओला स्लॅब झपाट्यानं सुकवणार, दिवस मावळायच्या आत या लाल पट्ट्यात तडे जाणार. वारा अडवा." तीस वर्षं स्लॅब भरणारे मिस्त्री हसले. आबा मात्र उठले. "कोकरांना आडोसा करतो तसंच नव्हं, पोरी?" म्हणत त्यांनी घरातल्या साऱ्या घोंगड्या पश्चिमेला बांबूंवर ताणल्या. मिस्त्रींनी कोपऱ्यातली एक हळूच सोडवली. बघू तरी लेकीचं गणित! दिवस कलला. सगळा स्लॅब शाबूत होता, तेवढ्याच कोपऱ्यात केसासारखे तडे होते. ते थापीनं दाबून बुजवल्यावर मिस्त्रींनी नकाशाची घडी ओळंब्याच्या पिशवीत ठेवली. "सोमवारी दौंडला स्लॅब हाय. त्याचा कागद कवा देतीस?"