मनसारामनं गार हाकलली

मारोतीच्या पाराले हात लावून सांगून राह्यली मी, यातला एक शब्द जरी खोटा निघाला तं माह्या जिभेले किडे पडो. उडदाएवढंही वरून लावलं नाई.

जिवतीच्या पहाडाखाली चिंचोली. रझाकार पळून चार-सा सालं झाले होते. मनसाराम तिथला गारपगारी. आभाळात गार दिसली का तिले गावावरून हाकलून लावाची, हे त्याच्या घराण्याचं काम. त्यासाठीच त्याले खळ्याखळ्यावरून सूपभर जवारी भेटे.

फागणाचे दिवस, जवारी कापाले आलेली, अन् सकाळीच आभाळ काळं ठिक्कर पडलं. मनसाराम धावत मारोतीपाशी गेला. आंगावरचं सारं फेडलं, लंगोटीबी ठेवली नाई, अन् तलवार उपसून उभा राह्यला. अशा वक्ती बायाईनं घरात बसावं, असा नेम आहे. बाया बसत, अन् कवाडाच्या फटीतून पाहात.

त्यानं तलवार फिरवली, राखड फुकली, ढगाले मायबहिणीवरून बोलला. ढग हालला. गावावरून सरकला अन् पहाडाकडे निघाला.

गुणवंतराव पाटील ओसरीतून म्हणाले, "वा रे पठ्ठे. गेली पाहा पल्याड."

पल्याड म्हटलं अन् मनसाराम गर्रकन पहाडाकडे वळला. पल्याड धानोरा. धानोऱ्याले त्याची एकुलती एक पोरगी दिली होती, गोकुळा. तिच्या सासऱ्यानं सून म्हणून नेलीच नव्हती तिले, गारपगाऱ्याची पोरगी म्हणून नेली होती. ही घरात असली का वावरात गार पडत नाई, असा त्याचा हिशोब. मागच्या साली पडली. तवा त्यानं गोकुळेले बैलबंडीत बसवून माहेरी आणून टाकली. लोकाईनं हातापाया पडून वापस धाडली, तं जाता जाता बोलून गेला, अजून एकडाव गार पडली तं पोरगी तुमची तुम्हाले.

अन् आता मनसारामनंच गार तिकडे धाडली होती. तिले वापस बलावता येत नाई. मंतर फक्त हाकलाचा आहे.

कपडे पारावरच राह्यले. तो तसाच ढगामागं निघाला. धुरपता, त्याची बायको, धोतर घेऊन वेशीपर्यंत हाका मारत गेली. त्यानं मागं पाह्यलं नाई.

पह्यल्या पहाडावर चन्याएवढी गार पडली होती. तो वर पोचला अन् ऊन निघालं, ढग पातळ झाला. सुटलो, असं वाटलं त्याले. दुसरा पहाड अर्धा चढला नाई तं पुन्हा अंधारलं. तिथी कवठाएवढी. जिनातला कापूस उलथून द्यावा तसा सारा पहाड पांढरा. पळसाले एक फूल राह्यलं नाई. मनसारामचे पाय आधी झोंबले, मंग सुजले, मंग ते त्याचे राह्यलेच नाई. पडे, उठे, तलवार टेकत चाले. ढग आपला पुढच्या पुढं.

तिसऱ्या पहाडावर गेला तवा दिवस कलला होता. तिथी एका कपारीत अस्वल बसलं होतं, टकुऱ्यावर हे मोठं टेंगूळ. मनसारामनं अस्वलाकडे पाह्यलं, अस्वलानं मनसारामकडे. दोघंबी नागडे, कोण कोणाले लाजते. अस्वल जरासं सरकलं अन् त्याले जागा केली. त्याच्या केसात पाठ खुपसून तो बसला. अशी ऊब लागली का डोळे मिटाले लागले.

पण कपारीतून धानोरा दिसे. गोकुळेच्या घरचा धूर दिसे. अन् ढग त्याच धुराकडे उतरत होता.

तो उठला. पार टोकावर जाऊन उभा राह्यला अन् तलवार खाली फेकली.

"जाऊ नोको," तो ढगाले म्हणाला. "मी हाकललं, माह्यं चुकलं. माह्यी पोरगी आहे तिथी. पडाचंच असन तं इथी ये. माह्या आंगावर पड."

जनमभर गारीले जा म्हणणारा माणूस, पह्यल्यांदा ये म्हणाला.

अन् गार आली. नारळाएवढी. सारा ढग त्या एका टोकावर रिता झाला. धानोऱ्यात जवारीचं एक कणीस मोडलं नाई.

गोकुळा आंगणात उभी होती. पांढऱ्या पहाडावर कोणीतरी हात पसरून उभं दिसलं. सासरा म्हणाला, "कोण येडं आहे हो ते?"

"बाप आहे माह्या," गोकुळा म्हणाली. अन् आत जाऊन तिनं चुलीवर आंबील चढवली.

दिवस बुडता बुडता मनसाराम पहाड उतरून आला. केस पांढरे, मिशा पांढऱ्या. सासऱ्यानं सोताचं धोतर सोडून त्याच्या कमरेले गुंडाळलं, अन् गोकुळेच्या हातची आंबील तो गंज रिकामा होईपर्यंत प्याला.

हसून राह्यले ना तुम्ही? म्हणता, आजी, अस्वल तं खोटं असन.

अस्वल खरं आहे. दुसऱ्या दिवशी लोकं वर गेले, तवा गार तशीच होती. कपारीतून अस्वलाच्या पायाचे ठसे निघाले होते ते मनसारामपर्यंत गेले होते. त्याच्या एका आंगाची गार तेवढी वितळली होती, कोणी रातभर लागून निजल्यासारखी.

तो उतरून आला, तेवढं माह्या मनचं.

आंबील खरी आहे. त्याले बाजेवर घालून आणलं, तवाबी चुलीवरच होती.