शेपटीतलं तिखट

"पुन्हा खुडलीत!" घड्याळजी कुंडीवर वाकून ओरडले. "देठ ओले आहेत अजून."

"हळू बोला," बायको आतून म्हणाली. "भिंतीपलीकडे ऐकू जाईल."

"जाऊ दे की! त्यासाठीच बोलतोय."

नॅस्टर्शियमची ती केशरी फुलं शोभेची नव्हती, खायची होती. मिरीसारखी झणझणीत. साथीच्या तापात बायकोची जीभ पार मेली होती. समोर काहीही ठेवलं तरी भुसा चघळल्यासारखं तोंड करून ती ताट सरकवायची. हाडं दिसायला लागली होती. मग एके दिवशी तिनं सहज एक फूल तोंडात टाकलं आणि तिला ठसका लागला. त्या ठसक्याला घड्याळजींनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. अजूनही आधी फूल चावलं तरच तिला घास जायचा. म्हणून ते स्वतः एक पाकळीसुद्धा चाखत नसत.

आणि तीच फुलं शेजारीण पळवत होती. खाणावळवाली! जिच्या घरी दिवसभर काही ना काही शिजत असतं, ती!

साथीत तिची खाणावळही बंद होती. उघडली तेव्हापासून बाईंचं काहीतरी बिनसलंच होतं. वाटीभर सूप घेऊन यायची आणि दारातच उभी राहून विचारायची, "मीठ बरोबर आहे ना, भाऊ?" मीठ कसलं, समुद्र! घड्याळजींनी तसं तोंडावर सांगितलं, तर पुढच्या खेपेला ठार अळणी. थट्टा मांडली होती नुसती. गिऱ्हाईकं रोडावली होती, त्यात नवल काय?

त्यांनी तिला भिंतीपाशी गाठलं.

"बाई, फुलं तुम्ही नेता?"

"नेली थोडी. पण खरं सांगू, भाऊ? कागद चावल्यासारखी लागतात."

घड्याळजींच्या अंगाचा तिळपापड झाला. चोरून खायचं आणि वर चवीला नावं ठेवायची! थांबा बाई, दाखवतोच तुम्हाला चव.

नॅस्टर्शियमच्या फुलामागे बारीक शेपटी असते, आतून पोकळ. बायकोपुरती फुलं त्यांनी आधीच खुडून वाटीखाली झाकून ठेवली. मग चिमटा घेतला आणि घड्याळात स्प्रिंग बसवावी तशा हलक्या हाताने उरलेल्या एकेका शेपटीत लाल तिखट ठासलं.

सकाळी ते पडद्याआड उभे राहिले. अंगणातला पाण्याचा तांब्या मुद्दाम आत आणून ठेवला होता.

ती आली. एक फूल खुडून तिने तोंडात टाकलं. आता किंचाळेल, घड्याळजींना वाटलं. आता पाण्याला धावेल.

ती डोळे मिटून सावकाश चावत राहिली, लांबून कुणी हाक मारतंय का हे ऐकावं तशी. मग दुसरं फूल. मग आणखी एक.

घड्याळजींना राहवलं नाही. ते बाहेर आले. "काय बाई, अजून कागदच लागतोय का?"

ती दचकली, पण पळाली नाही. ओठांवर, हनुवटीवर लालभडक भुकटी माखली होती. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"कुणाला बोलू नका, भाऊ, खाणावळ बसेल माझी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण ज्यानं वहिनींची चव परत आली, ते फूल यातलं नेमकं कुठलं?"