पाकीट कोणी फोडलं?

"पाकीट कोणी फोडलं?" कंपनीच्या वकिलानं तिसऱ्यांदा विचारलं.

"मी," पुष्पा म्हणाली. तेही तिसऱ्यांदा.

मागच्या बाकावर तिची सासू तानुबाई बसली होती. तिनं पदर तोंडात धरला. पोर चक्क खोटं बोलत होती, आणि तेही धुळ्याच्या ग्राहक मंचात, अध्यक्षांच्या तोंडावर!

गोष्ट म्हटली तर साधी. पुष्पाचं देवपुरात टायपिंगचं दुकान. सत्त्याण्णव साली तिनं हिंमत करून संगणक आणला आणि लग्नपत्रिका छापायचं मराठी सॉफ्टवेअर मागवलं. तीन फ्लॉप्या आल्या, पाकिटात बंद. दुसरी पहिल्या दिवसापासून कोरी. संगणक नुसता शोभेला. कंपनीला पत्र धाडलं, तर उत्तर आलं की पाकिटावरची चिठ्ठी वाचा. चिठ्ठीत इंग्रजीत छापलं होतं: पाकीट फोडलं म्हणजे आतल्या सगळ्या शर्ती मान्य. आणि आतली शर्त काय? माल बदलून मिळणार नाही, तक्रार चालणार नाही. घ्या! पत्रिका हातात पडायच्या आधीच लग्न लावून मोकळे.

पण पाकीट पुष्पानं फोडलंच नव्हतं. त्या घरची रीत अशी, की नवी वस्तू आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायची, मेणबत्ती लावायची आणि घरातल्या थोरल्या माणसाच्या हातानं उघडायची. तानुबाईनं मोठ्या हौसेनं टर्रकन फाडलं होतं, चिठ्ठीसकट. सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई ती. तिला कोर्टकचेरीत कशाला ओढा, म्हणून पुष्पानं ते आपल्या अंगावर घेतलं होतं.

तानुबाईचं दुखणं मात्र वेगळंच होतं. मुलगा रुपचंद जाऊन दोन वर्षं झाली. पुष्पा अवघी सव्वीसची. तिचा भाऊ झुलाल दर महिन्याला चाळीसगावहून जीप घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ताई, कंपनीकडून पैसे परत घे, दुकान मोड आणि चल घरी." पुष्पा म्हणायची, "निकाल तर लागू दे." म्हणजे निकाल लागला की पोर जाणार, असं तानुबाईनं मनाशी पक्कं धरलं. म्हणून पुढची तारीख पडली की पुष्पा वैतागायची आणि तानुबाई घरी जाऊन शेवभाजी करायची. आठ महिने अशी चैन चालली.

"शिकलेली बाई आहे, साहेब," वकील म्हणाला. "वाचून, समजून फोडलं आणि आता कांगावा करते."

कांगावा! तानुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. गप्प बसलं तर केस जाईल, हे तिला कळत होतं. आणि रिकाम्या हातानं माहेरी जाऊन बसणाऱ्यातली पुष्पा नव्हती, हेही कळत होतं. म्हणजे केस गेली तर पोर घरीच राहणार; गप्प बसण्यातच तानुबाईचं भलं होतं. तरी म्हातारी उठलीच.

"सायेब, हाई पोर खोटं बोली राह्यनी. पाकीट मी फोडं. माले वाचता येत नही. चिठ्ठीमा काय लिखेल शे, माले काय माहीत?"

"बघा, साहेब, खोटी साक्ष!" वकील उसळला.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुष्पाबाई, खोटं बोलायला नको होतं. पण वकीलसाहेब, मला एक सांगा. पाकीट फोडल्याशिवाय शर्ती वाचता येत नाहीत आणि फोडलं की त्या मान्य. मग वाचायच्या कधी? आणि फोडणारी अडाणी असो की तुमच्यासारखा वकील असो, कायद्यानं ग्राहकाला दिलेला हक्क अशी चिठ्ठी चिकटवून काढून घेता येत नाही. चूक कंपनीची आहे."

जिंकली पोर! तानुबाईला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की तिला धड हसताही येईना. तिनं पुढे होऊन पुष्पाच्या पाठीवर हात ठेवला.

"पैसा ली ले, माय. आन भाऊकडे जाय. मनी काळजी करू नको."

"पैसे कसले, आजी?" अध्यक्षांनी अर्ज उचलला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला. "'मला पैसे परत नकोत, चालणारी फ्लॉपी द्यावी. आम्ही सासू-सुना दोघी याच दुकानावर राहणार आहोत.'"

तानुबाईनं पुष्पाला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. "मंग माले काबर नही सांगं, पोरी?"

"सांगितलं असतं तर 'माझ्यापायी इथं अडकू नको' म्हणत त्याच दिवशी तुम्ही मला ढकलून झुलालच्या जीपमध्ये बसवलं असतं, आत्याबाई."