चाकाखालचा देव

यंदा गाडी मिस्त्रीकडं न्यायचीच नाही, असा हट्ट धरून संगमेशनं मागच्या चाकांचे ब्रेक शू घरीच बदलायला घेतले. गाडी हलू नये म्हणून न्हाणीतला दगड आणून पुढच्या चाकाला लावला. पोतं अंथरलं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत ड्रम ठोकून काढले, नवे शू बसवले, चाकं आवळली. अख्खी दुपार त्यात गेली. हात धुऊन येतो तर त्याच्या आईनं, दानम्मानं, गाडीची पूजा उरकलेली. बॉनेटला विभूती, आरशाला हार, आणि चाकाखालच्या दगडालाही विभूतीचे तीन पट्टे, वर जास्वंदीचं फूल.

"चल माय, धर्मापुरीच्या देवळात जाऊन येऊ. ब्रेकची ट्रायल बी होईल," म्हणत त्यानं दगड सरकवायला पाय उचलला.

"पाय लावू नको. देव हाय तो."

"सकाळीच तर तू त्याच्यावर टाचा घासल्यास."

"तवा दगड होता. आता विभूती लागली."

"बरं, हातानं उचलतो."

"बसलेला देव उठवत न्हाईत."

संगमेश वैतागला. "मग हा देव इथं कवर बसणार हाय?"

दानम्मानं पदराची गाठ सोडली आणि ग्रीसनं माखलेली एक स्प्रिंग त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही तुझ्या पोत्याखाली घावली. हिची जागा घावंपर्यंत."