विनाथांबा

निवृत्त झाल्यावर इंजिन ड्रायव्हरने मागच्या खोलीत प्लायवूडवर छोटीशी रेल्वे मांडायला घेतली. रूळ, पूल, हिरव्या रंगवलेल्या भुशाचं गवत, सगळं अगदी हौसेनं. रुळांना लागून त्याने आपलं जुनं भाड्याचं घर हुबेहूब उभं केलं. गॅलरीत नखाएवढी बायको, तिच्या कडेवर लेक.

ऐन उमेदीची सगळी वर्षं तो त्या घरावरून मेल गाडी घेऊन जायचा. वळणावरच शिट्टी द्यायचा. ती हातातलं काम टाकून बाहेर धावायची. दोघांचे हात जेमतेम हलायचे, तोवर गाडी पार पुढे गेलेली असायची.

मांडणी पुरी झाली तशी त्याने बायकोला बोलावून घेतलं.

"आज गाडी तू चालव. मला एकदा गॅलरीतून बघायचंय."

आणि गुडघे टेकून, त्या एवढ्याशा घराशेजारी गाल ठेवून तो वाट बघत राहिला.

तिने जपून बटण फिरवलं. गाडी पूल ओलांडून आली, वळली आणि बरोब्बर घरासमोर उभी राहिली.

"अगं, इथं थांबा नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. रोज वाटायचं, एकदा तरी थांबावी."