डुलकी

"दिवसा डुलकी लागते का कधी?" डॉक्टर गंधालीने विचारलं.

"नाय ओ," खुर्चीत आडवा झालेला दशरथ म्हणाला. "रात्री घोरतो, तेवढाच काय तो त्रास. दिवसा एकदम झकास."

त्याची बायको, रुक्मिणी, भिंतीलगतच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. जिना चढतानाच त्याने तिला अंगावरचा निळा एप्रन काढून पिशवीत टाकायला लावला होता. एप्रनच्या खिशावर शाळेच्या बसचं नाव होतं.

"काम काय करता?"

"शिपाई. अंधेरीला, एका ऑफिसात."

हे तो अगदी सहज म्हणाला.

गंधाली दातांना तारा लावणारी डॉक्टर. बाहेर बाकावर कॉलेजच्या मुली बसल्या होत्या आणि त्यांच्यात एकावन्न वर्षांच्या दशरथला मघाशी अवघडल्यासारखं झालं होतं. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट बघून कांदिवलीतल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याला इथे पाठवलं होतं. तासाला बावीस वेळा श्वास अडकत होता.

गंधालीने मापाने बनवलेल्या दोन पारदर्शक प्लेटा त्याच्या वरच्या आणि खालच्या दातांवर बसवल्या. खालचा जबडा किंचित पुढे आला.

"जबडा असा पुढे राहिला की झोपेत जीभ मागे पडत नाही, श्वासाची वाट मोकळी राहते. पण आज लावलं आणि उद्या बरं झालं, असं नाही. दर आठवड्याला थोडा थोडा पुढे घेऊ. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर आजार आहे तसाच आहे असं समजायचं." तिने हातमोजे काढले. "बरं झालं, तुम्ही गाडी चालवत नाही. नाहीतर आजच घरी बसवलं असतं. वीस मिनिटं हे तोंडात राहू दे, कुठे टोचतं का बघू."

खिडकीतून खाली पिवळी बस दिसत होती. पावणेबारा झाले होते. साडेबाराला शाळा सुटणार होती.

त्या बसवर दशरथ ड्रायव्हर आणि रुक्मिणी मुलांना सांभाळणारी मावशी. दिवाळीपासून ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून अखंड बोलत असे. भाजी, शेजारीण, गावची जत्रा, काहीही. मध्येच प्रश्न विचारायची, म्हणजे त्याला उत्तर द्यावं लागे. मुलं तिला रेडिओ मावशी म्हणत. ती का बोलते, ते त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

परवा पुलावर एका मुलाला उलटी झाली. ती शेवटच्या सीटपाशी वाकून पुसत बसली. मिनिटभरच गप्प होती. बस हळूहळू डावीकडे सरकू लागली, कठड्याच्या दिशेने. मुलांना मजा वाटली, ती ओरडू लागली. रुक्मिणी सीटना धरत धावली आणि त्याच्या खांद्यावर जोरात थाप मारली. त्याने स्टीअरिंग वळवलं. "काय झाला?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

रुक्मिणी स्टुलावरून उठली.

"डॉक्टर, हे शिपाई नाहीत."

दशरथने मान वळवली. "तू गप रव," तो म्हणाला. तोंडातल्या प्लेटांमुळे शब्द अडखळत बाहेर पडले.

"शाळेची बस चालवतात. मी त्याच बसवर असते. मी बोलायची थांबले की ह्यांचा डोळा लागतो."

गंधाली तिच्याकडे वळली. "किती मुलं असतात?"

"आत्ताच्या फेरीला एकतीस. बालवाडी ते चौथी."

"मग आज ती फेरी तुम्ही करायची नाही," गंधाली दशरथला म्हणाली. "मालकाला तुम्ही फोन करता की मी करू?"

दशरथ छताकडे बघत होता. घरी गेल्यावर आपल्याला काय काय ऐकावं लागेल, याची रुक्मिणी मनात तयारी करत होती. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. त्याने खुर्चीचे दांडे घट्ट आवळून धरले होते.

"माका पण भ्या वाटता गो," तो म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते, पण तिला कळलं.

त्यानेच फोन लावला. "शेठ, आज साडेबाराला जमणार नाय."

पलीकडून बसमालक सिद्धेशचा आवाज खोलीभर ऐकू आला. "दादा, जीभ का अडखळतेय तुमची? प्यायलाय काय?"

"नाय शेठ, दातांचा..." तो घाईने सांगायला गेला आणि बोलणं आणखीच घसरलं.

"भरदिवसा? मुलांची बस आहे ना ती?"

रुक्मिणीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"सिद्धेशभाऊ, मी बोलतेय. प्यायले नाहीत. ह्यांना झोपेचा आजार आहे. गाडी चालवताना झोप लागते."



"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"बस कुठे आहे ते सांगा आणि चावी तिथेच ठेवा. मी दुसरा ड्रायव्हर पाठवतो."  मग त्याचा आवाज अगदी खाली आला. "वहिनी, माझी पोरगी त्याच बसने येते."

"माहीत आहे," रुक्मिणी म्हणाली. "रोज तिला मीच हात धरून चढवते."